रॅम्पचा उतार एका आकड्यात मावत नाही: आराखडा करणाऱ्यांना आणि मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि नकाशांवर मंजुरीची सही करणारे अधिकारी, आपणा सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

पार्किंगच्या नकाशात रॅम्पच्या जागी एक लांब बाण काढलेला असतो आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं, ‘उतार १:८’, म्हणजे आठ मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. कित्येक प्रकल्पांत रॅम्पबद्दल सगळ्या कागदपत्रांत मिळून एवढीच माहिती सापडते. ना उभा छेद (रॅम्प लांबीत उभा कापल्यासारखा बाजूने दाखवणारं चित्र), ना पातळ्या, ना टोकांचा तपशील. नकाशे तपासणं हे माझं काम आहे आणि हे पत्र मी त्या बाणाबद्दल लिहितोय. तो आकडा कुणी मुद्दाम चुकीचा लिहितं, असं माझं म्हणणं नाही. पण त्या एका आकड्यावर रॅम्प सुरक्षित ठरत नाही, आणि इमारत उभी राहीपर्यंत तो आकडा खराही राहिलेला नसतो.

तो कसा बदलतो, ते आधी पाहू. समजा सुरुवातीला मजल्याची उंची ३.६ मीटर धरली. १:८ म्हणजे साडेबारा टक्के, म्हणून रॅम्पची आडवी लांबी २८.८ मीटर. त्या लांबीवरून कॉलमची मांडणी ठरते, पाया ठरतो. पुढे स्प्रिंकलरचे पाइप आणि हवेचे डक्ट बीमखाली बसेनात, म्हणून मजला ४ मीटरचा होतो. रस्त्यावरचं पाणी तळघरात उतरू नये म्हणून तोंडाशी २० सेंटीमीटरचा उंचवटा येतो, आणि तो यायलाच हवा. आता चढायची उंची झाली ४.२ मीटर. लांबी मात्र तीच, कारण कॉलम हलत नाहीत. उतार १४.६ टक्क्यांवर गेला. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की दोन्ही टोकांना ट्रान्झिशन, म्हणजे सपाटी आणि उतार यांना जोडणारा सौम्य टप्पा, हवं. तीन-तीन मीटरचे निम्म्या उताराचे टप्पे त्याच २८.८ मीटरमध्ये बसवले, की मधल्या भागाला उरलेली सगळी उंची उचलावी लागते. हिशेब करून पाहा: निम्म्या उताराचे सहा मीटर तीनच मीटरचं काम करतात, म्हणून ४.२ ला २८.८ ऐवजी २५.८ ने भागायचं. उत्तर १६.३ टक्के. नकाशावर अजून १:८ लिहिलेलं आहे आणि जागेवर १:६ चा रॅम्प ओतला जातोय. यात कुणीही फसवणूक केलेली नाही. प्रत्येकाने आपापला निर्णय योग्यच घेतला, फक्त रॅम्पचा हिशेब पुन्हा मांडायचं काम कुणाचंच नव्हतं.

म्हणून माझी पहिली मागणी क्रमाबद्दल आहे. रॅम्पचा उभा छेद आधी काढा, कॉलम नंतर मांडा. मजल्याच्या उंचीत बदल झाला की ड्रॉइंगच्या त्याच सुधारणेत रॅम्पचा छेदही बदलला पाहिजे. आणि छेदावर सरासरी उतार लिहू नका, सर्वांत तीव्र भागाचा उतार लिहा. गाडी सरासरीवर चढत नाही.

एक साधी गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती साइटवर खरोखर घोळ घालते. १५ टक्के आणि १५ अंश यांत फार मोठा फरक आहे. १५ टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश. १५ अंश म्हणजे जवळजवळ २७ टक्के. नुसतं ‘१५’ लिहिलेलं ड्रॉइंग खाली पाठवू नका. टक्के लिहा, शेजारी गुणोत्तर लिहा, आणि दर दोन-तीन मीटरवर पातळी लिहा. मिस्त्रीला उतार कळवायचा असेल तर पातळीइतकं नेमकं दुसरं काही नाही.

आता टोकांकडे येतो, कारण रॅम्प बहुतेक वेळा बिघडतात ते टोकांना. वरच्या टोकाला उतार एकदम संपून सपाट भाग सुरू झाला, की तिथे धार तयार होते. पुढची चाकं सपाटीवर, मागची उतारावर, आणि धार बरोबर गाडीच्या पोटाखाली. पोट घासेल की नाही, हे दोन मापांवर ठरतं: पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आणि मधोमध जमिनीपासूनची उंची. उंचीला त्या अंतराच्या निम्म्याने भागा, येणाऱ्या गुणोत्तराचा कोन काढा आणि दुप्पट करा. गाडी तेवढ्या अंशांचा मोड सहन करते. चाकांमधलं अंतर अडीच मीटर आणि पोटाची उंची १७ सेंटीमीटर असलेली छोटी रिकामी गाडी साडेपंधरा अंश, म्हणजे सुमारे २८ टक्क्यांचा फरक पचवते. तिला कुठलाच रॅम्प अडवत नाही. पण २.८ मीटर अंतराची लांब गाडी पाच माणसं आणि सामान घेऊन बसली, पोट १० सेंटीमीटरवर आलं, की तिची मर्यादा आठ अंशांच्या जरा वर येते. टक्क्यांत १४.४. वर मांडलेल्या १६.३ टक्क्यांच्या रॅम्पला ट्रान्झिशन नसतं, तर ती गाडी तिथे घासलीच असती. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये या ठिकाणी बॅटरी असते, हे लक्षात घेतलं तर धारेचा प्रश्न किरकोळ ओरखड्याचा राहत नाही.

खालच्या टोकाला उलटी परिस्थिती. तिथे पोट वाचतं, पण पुढचा बंपर जमिनीत रुततो. चाकाच्या पुढे मीटरभर बाहेर आलेला आणि जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर असलेला बंपर साडेआठ अंशांचा, म्हणजे १५ टक्क्यांचा मोड कसाबसा पार करतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं एएस/एनझेडएस २८९०.१ हे मानक वरच्या टोकाला साडेबारा टक्के आणि खालच्या टोकाला पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर ट्रान्झिशन मागतं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत, वरच्या गणितातून कुणालाही त्यांच्या जवळपास पोचता येतं. जर्मनीतल्या अनेक राज्यांच्या गॅरेज नियमांत मध्यम आणि मोठ्या गॅरेजांच्या रॅम्पला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि रॅम्प १० टक्क्यांहून तीव्र असेल तर सार्वजनिक रस्ता आणि रॅम्प यांच्यामध्ये किमान तीन मीटरचा सौम्य भाग सोडावा लागतो.

‘ट्रान्झिशनला जागा नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. त्याचा हिशेब इथे मांडतो. ३.६ मीटर उंची, १५ टक्के उतार, ट्रान्झिशनशिवाय लांबी २४ मीटर. दोन्ही टोकांना तीन-तीन मीटर साडेसात टक्के ठेवले तर ते दोन्ही मिळून ४५ सेंटीमीटर चढतात, उरलेल्या ३.१५ मीटरला २१ मीटर लागतात, आणि एकूण लांबी होते २७. म्हणजे फक्त तीन मीटर जास्त. सुरुवातीलाच मागितले तर हे तीन मीटर मिळतात, कॉलम उभे राहिल्यावर मिळत नाहीत. शक्य असेल तिथे दोन सरळ तुकड्यांऐवजी गोलाई द्या. तीन मीटरमध्ये पंधरा टक्क्यांचा बदल म्हणजे २० मीटर त्रिज्येची गोलाई. तिच्यावर २.८ मीटर अंतराच्या गाडीखाली जेमतेम ५ सेंटीमीटरचा फुगवटा येतो.

खालच्या टोकाची आणखी एक गोष्ट छेद न काढणाऱ्याला कधीच दिसत नाही: छताची उंची. गाडीची पुढची चाकं खालच्या सपाटीवर आणि मागची उतारावर असताना ती खालच्या खोलगट भागावर पुलासारखी आडवी पडते. तीन मीटर चाक-अंतराच्या गाडीचं टप पंधरा टक्क्यांच्या मोडावर सुमारे ११ सेंटीमीटर वर उचललं जातं. आणि वरच्या मजल्याचा स्लॅब जिथे सुरू होतो, तिथला खोल बीम नेमका याच जागेवर येतो. पाटीवर २.१ मीटर लिहिलेलं, जमिनीपासून मोजलं तरी २.१ भरतं, आणि २.०५ ची व्हॅन मात्र बीमला धडकते. छेदावर चाकांसकट गाडी काढून ती रॅम्पवरून सरकवत नेली, तर हे पाच मिनिटांत दिसतं.

वळणाच्या रॅम्पबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सर्वांत मोठी फसगत तिथे होते. मध्यरेषेची त्रिज्या ७ मीटर आणि मार्गिका साडेतीन मीटर रुंद असलेला गोल रॅम्प घ्या. मध्यरेषेवर एका पूर्ण फेऱ्यात ४४ मीटर अंतर मिळतं, १० टक्क्यांनी ४.४ मीटर चढता येतं. नकाशावर लिहिलं जातं १० टक्के. पण आतली कड ५.२५ मीटर त्रिज्येवर आहे. तिला तेच ४.४ मीटर ३३ मीटरमध्ये चढायचे आहेत, म्हणजे १३.३ टक्के. बाहेरच्या कडेला ८ टक्के. आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत येतात, त्यामुळे गाडीचं आतलं मागचं चाक त्याच तीव्र पट्ट्यावरून जातं. शिवाय वळताना वेग सोडावा लागतो आणि स्टिअरिंग वळलेलं असतं, त्यामुळे टायरच्या पकडीचा काही भाग वळण्यातच खर्च होतो. म्हणून गोल रॅम्पचा उतार आतल्या कडेवर मोजावा आणि सरळ रॅम्पपेक्षा सौम्य ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. मध्यरेषेवर १० टक्क्यांच्या वर मी जाणार नाही. शिकागोच्या मरिना सिटीच्या दोन मनोऱ्यांत खालचे १९ मजले सर्पिल पार्किंगचे आहेत, तेव्हा सर्पिल रचना चालते यात शंका नाही. पण तिथे गाड्या नेतात-आणतात ते त्याच कामाचे सवयीचे चालक. आपण काढत असलेल्या रॅम्पवर आठवड्यापूर्वी परवाना मिळालेला माणूसही येणार आहे.

घर्षणाचा विचार तर उताराच्या चर्चेत जवळपास नसतोच. खाली उतरताना थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाला, गुरुत्व त्वरणाच्या दुपटीला ‘घर्षण गुणांक वजा उतार’ याने गुणून आलेल्या संख्येने भागून मिळतं. घर्षण गुणांक म्हणजे टायर आणि पृष्ठभाग यांच्यातल्या पकडीचा आकडा. त्यातून होणारी उताराची वजाबाकी नीट पाहा. ताशी १५ किलोमीटर वेग, कोरडं खरखरीत काँक्रीट, गुणांक ०.७: पंधरा टक्क्यांच्या उतारावर गाडी १.६ मीटरमध्ये थांबते. ओला, गुळगुळीत पृष्ठभाग, गुणांक ०.३: सपाटीवर ३ मीटर लागले असते, उतारावर ६ लागतात. तेल आणि पाण्याचा थर, झिजलेले टायर, गुणांक ०.२: जवळजवळ १८ मीटर. आणि त्याच ०.२ वर उतार १० टक्के असता तर ९ मीटरमध्ये भागलं असतं. चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ यात अजून धरलेलाच नाही. दीड सेकंद धरा, आणखी सव्वासहा मीटर गेले. पृष्ठभाग चांगला असताना उताराच्या पाच टक्क्यांना फारशी किंमत नसते. पृष्ठभाग खराब झाला की तेच पाच टक्के थांबायचं अंतर दुप्पट करतात. उतार आणि पृष्ठभाग यांचे निर्णय दोन वेगळ्या माणसांनी घेण्यातला धोका हाच.

चढतानाही तेच. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात, आणि चढावर वजन मागे सरकतं. मागे माणसं आणि डिकीत सामान असलं की पुढच्या चाकांवर निम्म्याहून कमी वजन उरतं. अशी गाडी १० टक्क्यांवर थांबून पुन्हा निघायची असेल तर चाकांखाली किमान ०.२१ गुणांक हवा, १५ टक्क्यांवर ०.३२, आणि २० टक्क्यांवर ०.४४. उतार दुप्पट झाला की गरज दुपटीहून थोडी जास्त वाढते. ओल्या रॅम्पवर चाकं जागच्या जागी फिरत राहतात आणि रबराचा वास येतो, तेव्हा लोक चालकाला दोष देतात. दोष बऱ्याचदा आपल्या ड्रॉइंगचा असतो.

म्हणून रॅम्पवर चकचकीत इपॉक्सी नको. काँक्रीट ओलं असतानाच आडवा झाडू फिरवून किंवा तिरक्या खाचा पाडून खरखरीतपणा द्यावा, खाचा अशा की पाणी कडेला जाईल. तळाशी पाणी अडवणारी जी लोखंडी जाळी आपण टाकतो, ती नेमकी ब्रेक दाबायच्या जागी येते. ओली लोखंडी पट्टी दुचाकीस्वाराला सरळ खाली पाडू शकते. जाळी दातेरी घ्या आणि ती वळणात येणार नाही असं पाहा. दुचाकीचा विचार एकूणच वेगळा करायला हवा: चढावर गर्दीत थांबलेल्या स्वाराला एक पाय टेकवून, दुसऱ्याने ब्रेक धरून तोल सांभाळायचा असतो. तीव्र आणि वळणाऱ्या रॅम्पवर ही कसरत लादू नका.

रांगेचं काय? तिकिटाचं यंत्र आणि अडसर उतारावर बसवलेले मी कितीदा तरी नकाशांत पाहतो. गियरच्या गाडीत ब्रेकवरचा पाय काढून क्लच पकडेपर्यंत एक सेकंद गेला, तर १५ टक्क्यांवर गाडी साधारण ६५ सेंटीमीटर मागे घरंगळते. ८ टक्क्यांवर त्याच्या निम्मी. रांगेत मागच्या गाडीचं अंतर अनेकदा एवढंच असतं. जिथे गाडी थांबणार हे आधीच माहीत आहे, ती जागा सपाट असलीच पाहिजे, आणि ती निदान एका गाडीच्या लांबीची तरी असावी.

वरच्या तोंडाशी सपाट जागा मागायचं आणखी एक कारण आहे, आणि या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं कारण मी तेच मानतो. चालकाचा डोळा चाकांखालच्या पातळीपासून १.२ मीटरवर आणि बॉनेटची पुढची कड त्याच्या दोन मीटर पुढे, ९५ सेंटीमीटरवर आहे असं धरा. सपाट रस्त्यावर त्याची नजर बॉनेटवरून खाली झुकत साडेनऊ मीटरवर जमिनीला टेकते. आता तीच गाडी १५ टक्क्यांच्या चढावर नाक वर करून तोंडाशी आली. पुढची चाकं धारेवर असताना नजरेची रेषा खाली झुकतच नाही, आडव्याच्याही किंचित वर जाते, आणि चालकाचा डोळा वरच्या सपाटीपासून ९६ सेंटीमीटरवर असतो. म्हणजे पदपथावरून समोर चालत आलेलं मीटरभर उंचीचं मूल बॉनेटच्या आड पूर्ण लपतं. जवळ असो वा लांब. नेमक्या याच क्षणी चालकाने चढासाठी ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. शेवटचे तीन मीटर साडेसात टक्क्यांवर आणले तर नजर पुन्हा खाली झुकते आणि पाच मीटरवरच्या त्या मुलाचं डोकं दिसू लागतं. त्यापुढे गाडीभर लांबीची सपाटी दिली, तर गाडी पदपथापूर्वी सरळ होते आणि चालकाला थांबून पाहता येतं. तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती तिथे कमी उंचीच्या ठेवा. आरसा बसवणं हा याला पर्याय नाही.

ज्या उतारावर गाड्या उभ्याही राहतात, त्याचा न्याय वेगळा. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत, वर-खाली जाण्यासाठी आणि पार्किंगसाठी एकच रॅम्प वापरला जात असेल तर १:१५ ही मर्यादा आहे, म्हणजे ६.६७ टक्के. माझ्या मते तीही वरची कड समजावी. रबरी टायरचा घरंगळण्याला होणारा विरोध एक ते दीड टक्क्याच्या उताराएवढाच असतो, त्यामुळे पाणी वाहून जावं म्हणून दिलेल्या दोन टक्क्यांवरही हँडब्रेक न ओढलेली गाडी चालू लागू शकते. चाकखुर्चीसाठी राखलेल्या जागा तर जवळपास सपाटच हव्यात. आणि १:१२ हा चाकखुर्चीचा उतार असताना १:८ चा मोटारींचा रॅम्प ‘पायी जाण्याचा मार्ग’ म्हणून दाखवणं थांबवा. लोक रॅम्पवरून चालतात, कारण जिना लांब असतो. जिना जवळ आणा.

माझ्या मर्यादा विचाराल तर: अनोळखी लोक वापरणार असलेल्या सरळ, छताखालच्या रॅम्पला मधल्या भागात साडेबारा टक्के. उघड्यावर, पावसात भिजणार असेल तर १० च्या आसपास. १५ टक्के फक्त नाइलाज असेल तिथे, आणि ट्रान्झिशन, खरखरीत पृष्ठभाग व वरची सपाटी या तिन्हींशिवाय नाहीच. काही मानकं छोट्या लांबीसाठी २० टक्क्यांपर्यंत जाऊ देतात. घरापुरत्या, रोजच्या ओळखीच्या गाडीला ते चालेल, सार्वजनिक पार्किंगला मी त्यावर सही करणार नाही.

मंजुरी देणाऱ्यांना माझी विनंती आहे की उभा छेद जोडलेला नसेल तर रॅम्पचा नकाशा परत पाठवावा. छेदावर तीव्र भागाचा उतार, ट्रान्झिशनची लांबी, दोन्ही टोकांना छताची मोकळी उंची, आणि वळण असेल तर आतल्या कडेचा उतार, एवढं दिसायला हवं. हे सगळं एका कागदावर मावतं.

साइटवरच्या मंडळींना एक सोपी चाचणी सुचवतो. २.८ मीटर लांबीची सरळ, ताठ फळी घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना १० सेंटीमीटर उंचीचे पाय ठोका. काँक्रीट ओतण्याआधी तयार शटरिंगवरून ती वरच्या टोकापलीकडे ओढत न्या, मध्यावर आणि दोन्ही कडांना. मधे कुठेही फळीचं पोट टेकलं, तर त्या दिवशी काँक्रीट मागवू नका. काम पुरं झाल्यावर दर मीटरला पातळ्या घेऊन त्यांचा तक्ता पूर्णत्वाच्या दाखल्यासोबत जोडा, म्हणजे नकाशावरचा आकडा आणि जमिनीवरचा उतार शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतील.

आपला,
नकाशे तपासणारा एक अभियंता